बासष्ट कार्डांची किंमत

आई,

काल पॅकिंगवाले येऊन गेले. वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आलाय, सगळं जग इकडे दोहाला यायच्या तयारीत आहे आणि आम्ही मात्र बॅगा भरतोय. काम संपलं, कंपनीनं आभाराचं शुक्रन म्हटलं, खलास. लग्नाचा मांडव घालणारे काही पंगतीला नसतात, तेव्हा त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पॅकिंगवाल्यांपैकी एकजण प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत फॉर्मवर लिहून घेत होता, वाटेत सामान हरवलं-बिरवलं तर विम्याला लागते म्हणून. फ्रिज झाला, मिक्सर झाला, तुझ्या सुनेची पितळी भांडी झाली. मग त्यानं कपाटाच्या वरच्या खणातून तो निळा बिस्किटांचा डबा काढला, उघडून पाहिला आणि मला विचारलं, "सर, इसका क्या लिखूं? कितने का है?" तुझी सून शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी डब्याकडे. मी म्हणालो, "पुराना कागज लिखो." त्यानं तसं लिहिलं आणि किमतीच्या रकान्यात रेघ ओढली. खरी किंमत जवळपास तेवढीच होती, आई. तेव्हाही तेवढीच होती. तुला मी सांगितली ती खोटी. हे सांगायला मला आठ वर्षं लागली आणि त्यातली सात तू ऐकायला नाहीस.

त्या कार्डांबद्दल मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू दोनदा विचारलं होतंस आणि दोन्ही वेळा "अगं, छंद आहे" एवढ्यावर मी तुला वाटेला लावलं. माझे इथले पहिले साहेब अमेरिकन होते, साठीचे. वेस्ट बेच्या ऑफिसात एकविसाव्या मजल्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचे. आम्ही सांडपाण्याच्या लाइन्स डिझाइन करायचो. स्टेडियम बघायला जग येईल, पण त्याच्या खालून काय वाहतंय ते बघायला कोण येणार, असं ते हसत हसत म्हणायचे. त्यांना लहानपणापासून बेसबॉलची कार्डं जमवायचा नाद होता. च्युइंगमच्या पाकिटातून निघायची तसली, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याचे आकडे. मोठ्या खेळाडूंची जुनी कार्डं लोक तिजोरीत ठेवतात. साहेब जमवायचे ती उरलेल्यांची. कुणी अकरा सामने खेळून घरी गेलेला, कुणी सगळं आयुष्य राखीव म्हणून बाकावर बसून काढलेला. साठ-साठ वर्षांपूर्वीची असली तरी अशांच्या कार्डांना बाजारात कुणी विचारत नाही. मूठभर घ्या नि चला. पण मागच्या बाजूला आकड्यांच्या खाली एक ओळ असायची. हा हिवाळ्यात मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. याला चार बहिणी आहेत. हा घरच्या खुर्च्या स्वतः बनवतो. साहेब जेवणाच्या सुट्टीत मला त्या ओळी वाचून दाखवायचे आणि मी डब्यातली पोळीभाजी खात ऐकायचो. तो खेळ मला शेवटपर्यंत धड कळला नाही, पण त्या ओळींनी मला धरून ठेवलं. मीही त्यातलाच की. शाळेत दहावा नंबर, कॉलेजात मधला बाक, नोकरीत चौथी सही. माझ्या कार्डाच्या मागे काय लिहिलं असतं, याचा मी कधीकधी सिग्नलला उभा असताना विचार करायचो.

साहेब सुट्टीवरून परत येताना माझ्यासाठी दहा-पंधरा कार्डं आणायला लागले. पारखायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. कडेनं धरायचं, फोटोवर बोट लावायचं नाही, आणि सगळ्यांत आधी चार कोपरे बघायचे. कोपरा शाबूत तर कार्डाला भाव. कोपरा झिजला की भाव उतरला आणि कापला गेला तर संपलंच. ते निवृत्त होऊन घरी गेले तेव्हा माझ्याकडे बासष्ट कार्डं झाली होती. दर शुक्रवारी सकाळी पोहे झाले की मी ती टेबलावर मांडायचो, भिंगातून न्याहाळायचो आणि वहीत नोंदी करायचो. माझीच एक पद्धत होती. बाजार कोपऱ्यांना मार्क द्यायचा, मी मागच्या ओळीलाही द्यायचो. खुर्च्या बनवणारा माझ्या वहीत पहिला होता.

तू आलीस तो हिवाळा मला अजून स्वच्छ दिसतो. सगळं दोहा खणून ठेवलेलं, मेट्रोचं काम जोरात, काल होता तो रस्ता आज नाही अशी गत. अल वक्राच्या या फ्लॅटमध्ये तू सामान उघडतेस आणि थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुरडया, असं एकेक बाहेर येतं, आणि "तुझ्या सामानात कपडे आहेत की नाहीत?" म्हणून मी तुला चिडवतो. पहिल्याच शुक्रवारी तू माझा टेबलावरचा मांड बघितलास आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला हळूच विचारलंस, "हा पत्ते खेळतो का गं हल्ली? पैसे लावून?" आम्ही दोघं किती हसलो. मग तू दर शुक्रवारी माझ्यासमोर मेथी निवडत बसायला लागलीस. मला वाटायचं तुझं लक्ष मेथीकडे आहे. तू माझ्या हातांकडे बघत होतीस, मी ती कार्डं किती जपून उचलतो, किती जपून ठेवतो. हे मला फार उशिरा कळलं.

तुझं आयुष्य हायस्कूलच्या ऑफिसात गेलं. सत्तावीस वर्षं दाखले, मार्कशीटा, जनरल रजिस्टर. कागद म्हणजे तुझा प्रांत. आणि त्यात बाबांचं सर्व्हिस बुक वाळवीनं खाल्लं, त्यांची पेन्शन दोन वर्षं अडकली, आणि तुला नाशिकहून मुंबईला खेटे घालावे लागले. तेव्हापासून तू घरातल्या कागदामागे हात धुऊन लागलीस. रेशन कार्ड, माझी दहावीची मार्कशीट, बाबांचा शेवटचा फोटो, देवघरातला आरतीचा कागद, सगळ्यांना लॅमिनेशन. शेजारचे थट्टा करायचे, की बाईंच्या घरी जास्त वेळ बसू नका, तुम्हालाही लॅमिनेट करतील. मला हे सगळं माहीत होतं. मीच त्या घरात वाढलो होतो. तरी डबा मी उघड्या शेल्फावर ठेवला.

मी ऑफिसला, तुझी सून अल दुहैलच्या शाळेत शिकवायला आणि नात तिच्याबरोबर. घरात तू एकटी. आपल्या बिल्डिंगमागच्या किराणा दुकानाशेजारी एका मल्याळी माणसाचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान होतं. तुझं हिंदी शाळेच्या शिपायाला ओरडण्यापुरतं, त्याचं गिऱ्हाइकाला दर सांगण्यापुरतं. तरी तू तीन दिवस सकाळी त्याच्याकडे गेलीस, थोडी थोडी कार्डं घेऊन. तिथे नेण्याआधी घरी बसून तू प्रत्येक कार्डाचे झिजलेले कोपरे कात्रीनं गोल कापलेस. बासष्ट कार्डं, प्रत्येकी चार कोपरे, म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस वेळा कात्री चालवलीस. संधिवाताच्या बोटांनी. आणि काटकसर तर तुझ्या हाडात, त्यामुळे दोन दोन कार्डं पाठीला पाठ लावून एकेका प्लास्टिकमध्ये बसवलीस. बासष्टांचे झाले एकतीस.

त्या शुक्रवारी तिथीनं माझा वाढदिवस होता. तारखेचा तू कधी मानलाच नाहीस. मी खुर्चीवर बसलोय, डोक्यावर टोपी म्हणून रुमाल, तू औक्षण करतेयस, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी. शेवटी पेढा भरवून तू माझ्या हातात निळा डबा दिलास. तुझा चेहरा मी विसरलेलो नाही. बक्षीस समारंभाला मुलांची नावं पुकारताना असायचा ना, तसा झाला होता. मी झाकण उघडलं.

"हे काय केलंस?" मी म्हणालो.

"खराब होत होते रे. कोपरे बघितलेस ना कसे झाले होते? आता पन्नास वर्षं काही होत नाही त्यांना."

"आणि मागचं? मागचं कुठंय?"

"मागे नुसते आकडे तर होते. चेहरे पुढे आले म्हणजे झालं. आणि जोड्या बघ, आम्ही दोघींनी लावल्यात. हसणारा हसणाऱ्याशी, चष्मेवाला चष्मेवाल्याशी."

"दॅट वन इज माइन, बाबा," नात म्हणाली आणि तिनं बोट दाखवलं.

मग मी जो सुटलो तो सुटलोच. "अक्कल गहाण टाकली होतीस का?" असं मी तुला म्हणालो. ज्या बाईनं मला अक्षर ओळखायला शिकवलं तिला मी "वाचता येत नसेल तर हात कशाला लावायचा?" असंही म्हणालो. तुझी सून म्हणाली, "अहो, निरांजन तेवतंय अजून, हळू बोला," तर मी तिच्यावरही ओरडलो. खलास, सगळं खलास केलंस, हे किती वेळा म्हणालो ते मोजलेलं नाही. तू तबक धरून उभी होतीस. तुला ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. सगळं शांत झाल्यावर तू विचारलंस, "किती किमतीचे होते रे?"

इथे खरं सांगायचं होतं. त्या कार्डांच्या सगळ्या ढिगात मिळून आपण चौघंसुद्धा समुद्राकाठी कॉर्निशवरच्या चांगल्या हॉटेलात पोटभर जेवलो नसतो. पण मग एवढ्याशा किमतीसाठी मी सत्तरीच्या आईवर इतका ओरडलो असं झालं असतं. राग होऊन गेला होता, आता त्याच्या मापाची किंमत हवी होती. मी म्हणालो, "गाडी आली असती, आई. नवी कोरी गाडी." तू "अगं बाई" म्हणालीस आणि हळूच खुर्चीत बसलीस. त्या दुपारी सुनेनं मला बाल्कनीत बोलावून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत त्यांना खरं सांगून टाका. मला हे बघवत नाही." मी इन्शाल्ला म्हणालो, देवाची इच्छा असेल तर. इथे राहून राहून त्या शब्दाचा सोयीचा अर्थ मी चांगला शिकलो होतो.

त्यानंतरचे तुझे तीन आठवडे. "हे टेबल पुसू का?" "हा कागद टाकायचा आहे का, की ठेवायचाय?" सुपरमार्केटची जाहिरात हातात धरून तू मी ऑफिसातून येईपर्यंत थांबायचीस, टाकायची की नाही ते विचारायला. नातीनं चित्र काढून तुझ्या हातात दिलं तर तू ते आधी माझ्याकडे आणलंस. ज्या घरात तू आल्या दिवशी डब्यांना लेबलं लावली होतीस तिथे तू हात मागे बांधून फिरायला लागलीस. मी रोज बघत होतो. रोज ठरवत होतो की आज सांगू. आणि सांगायला उघडलेल्या तोंडानं चहा मागत होतो.

विमानतळावर मी तुला एकटाच सोडायला आलो होतो. गाडीत तू म्हणालीस, "ते कार्डांचं माझ्या मनातून जात नाही बघ. गाडीएवढं नुकसान. तुझे बाबा असते तर मला घरात घेतलं नसतं." माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, आई. अगदी शब्दन् शब्द. तेवढ्यात डायव्हर्जनचा बोर्ड आला, माझी वाट चुकली, मागून हॉर्न वाजायला लागले आणि मी कावून म्हणालो, "जाऊ दे ना, आई." गिअरवरच्या माझ्या हातावर तू हात ठेवलास आणि विमानतळ येईपर्यंत काढला नाहीस. मला वाटलं तुला झोप आली असावी. मी वाट शोधत होतो.

त्या "जाऊ दे"नं सगळंच अवघड करून ठेवलं. दर रविवारी फोनवर तुझा आवाज आधीपेक्षा मोकळा यायचा. तू माझ्याशी जास्त मायेनं बोलायला लागलीस, मी थकलोय का, जेवतो का, हे दोन-दोनदा विचारायचीस. तुझ्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं असं तुला वाटत होतं. आता खरं सांगावं तर ओझंही खोटं आणि उतरवणंही खोटं. मी स्वतःला समजावलं की म्हातारीला कशाला पुन्हा तीच आठवण, मे महिन्यात जाऊ तेव्हा समोरासमोर सांगू. मे महिन्यात इथे डेडलाइन आली आणि मी गेलो नाही. तू श्रावणात गेलीस. सकाळी पूजा आटोपून उठलीस आणि बसलीस ती बसलीसच, असं शेजारच्यांनी सांगितलं. मी पोचलो तेव्हा तुझ्या पायाशी उभं राहून मनातल्या मनातसुद्धा मला ते सांगता आलं नाही. इतकी माणसं होती, आणि गुरुजी सारखं काहीतरी आणायला सांगत होते.

आता राहिलं एकच, आणि ते तुझ्या सुनेलाही ठाऊक नाही. म्हणून हा कागद सामानात जाणार नाही, फाडून इथेच टाकून जाणार आहे. तेराव्याला जेवणं उरकल्यावर तुझ्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका बाई बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसल्या. सून आत आवरत होती. बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या आईनं मला सगळं सांगितलंय हो. दोहाला त्यांच्या हातून तुमची गाडीच्या किमतीची वस्तू खराब झाली आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. उलट म्हणालात, जाऊ दे ना, आई. शाळेत आल्या की प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगायच्या. म्हणायच्या, माझा मुलगा माझ्याशी आयुष्यात कधी आवाज चढवून बोलला नाही." खोलीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कुणीतरी पदरानं डोळे पुसले. म्हणजे ती गाडी तू खरी मानून ठेवलीस, आई, आणि ओरडणं तेवढं काढून टाकलंस. माझी खोटी किंमत तू घरोघर नेलीस, आणि ती मलाच मोठं करायला वापरलीस. तिथे, त्या दहा बायकांसमोर, खरं बोलायची माझी शेवटची वेळ होती. निदान ओरडलो होतो एवढं तरी मी सांगायला हवं होतं. मी हात जोडले आणि मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला. आणि खरं सांगतो, मला ते ऐकायला बरं वाटत होतं. बाई उठायला लागल्या तेव्हा मीच त्यांना थांबवलं. म्हणालो, "बसा ना, बाई. अजून काय सांगायची आई माझ्याबद्दल?"